ठिपकीचं कापड

थंडी ओसरायला लागली की बायकांना एकाएकी आपले सगळे कपडे जुने वाटू लागतात. ते लोकरीचं, काळं, करडं अंगावरून भिरकावून द्यावं आणि काहीतरी फुलाफुलांचं घालावं अशी हुक्की येते. दोघी बहिणींतल्या थोरलीचं दुकान या हुक्कीवरच चालायचं. एरवी वर्षभर ती शाळांचे गणवेश, उशांचे अभ्रे, पडदे असं पडेल ते शिवायची. पण तिचं नाव झालं होतं ते वसंतातल्या कपड्यांमुळे. फ्रॉक, घेरदार स्कर्ट, सैलसर झगे. शिवण अशी, की कपडा उलटा घातला तरी कुणाच्या लक्षात येऊ नये.

नवऱ्याने टाकल्यावर एका जुन्या शिवणयंत्राच्या जिवावर तिने हे दुकान उभं केलं होतं. कुणापुढे हात पसरला नाही. त्याचा तिला अभिमान होता आणि तो तिने कधी झाकूनही ठेवला नाही. तिची जीभ तिच्या कात्रीसारखी होती. धार लावलेली आणि कायम हाताशी.

त्या वर्षी मात्र तिला मनासारखं कापडच सापडेना.

कापडबाजारातल्या सगळ्या घाऊक दुकानांच्या पायऱ्या ती चढली आणि उतरली. कापडवाला तागे धडाधड उलगडायचा. "हे बघा मॅडम, यंदाचं अगदी नवीन."

"नवीन कुठलं? गेल्या वर्षीचेच गुलाब आहेत. खतपाणी घालून मोठे केलेत का?"

"मग ही लिंबं बघा. लिंबं फार चालतायत."

"लिंबं पोटात चालतात, पोटावर नाही."

कापडवाला हसायचा आणि दुसरा तागा काढायचा. पोपट, फुलपाखरं, निळ्या रेघा, जांभळे ठिपके. थोरली चिमटीत कापड धरायची, उजेडाकडे न्यायची आणि सोडून द्यायची. कापड वाईट नव्हतं. पण चौकात जे नवं दुकान झालं होतं, काचेचं, आत गाणी लावणारं, त्याच्या काचेमागे हीच लिंबं आणि हेच पोपट आधीच लटकत होते. तेच कापड आपणही शिवलं तर लोक आपल्याकडे कशाला येतील? शिवण बघायला कपडा कुणी उलटा करत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. लोक आधी फुलं बघतात.

अशी ती हात हलवत बाजारातून निघाली, आणि वाटेवरच होतं म्हणून धाकट्या बहिणीकडे गेली.

धाकटीचा नवरा सुतार. घराच्या पुढच्या भागात त्याचं काम चालायचं आणि मागच्या दोन खोल्यांत धाकटी पाळणाघर चालवायची. थोरली आत गेली तेव्हा सतरंजीवर चार-दोन पोरं झोपली होती, एक जागं होतं आणि ते धाकटीच्या मांडीवर बसून तिची बांगडी चावत होतं. धाकटीचे केस विंचरलेले होते. हे थोरलीने मुद्दाम पाहिलं. कारण मधले काही महिने ते विंचरलेले नसायचे.

धाकटीला एकुलती एक मुलगी होती. नाव काही का असेना, सगळे तिला ठिपकी म्हणायचे, कारण लहानपणापासून तिच्या हातावर, गालावर, नाकाच्या शेंड्यावर कुठे ना कुठे रंगाचा ठिपका असायचाच. मोठी झाल्यावर ती कापडावर ठसे उमटवायला शिकली. ती नक्षी काढायची, बाप लाकडात ठसा कोरून द्यायचा आणि मग दोघं बापलेक एकाच टेबलावर वाकून कापड छापत बसायची. ठसा धरायचा कसा, दाबायचा किती, यावरून भांडायची. गेल्या वर्षी थंडीत तिला ताप आला. साधा ताप म्हणून सगळे बसून राहिले, आणि तपासण्या झाल्या तेव्हा रक्तातच दोष निघाला. झाडावरून पान गळावं इतक्या सहज ती गेली.

धाकटी चहा टाकायला उठली. मांडीवरचं पोर तिने थोरलीकडे दिलं. ते पोर रांगत पलंगाखाली शिरलं, आणि त्याला बाहेर ओढायला वाकलेल्या थोरलीला पलंगाखालची पत्र्याची पेटी दिसली. झाकण नीट लागलं नव्हतं. कडेतून कापडाचं एक टोक बाहेर आलं होतं.

थोरलीने झाकण उचललं.

आत घड्या होत्या. पांढऱ्या, दुधाळ, फिकट पिवळ्या सुती कापडावर कोवळी पालवी, रानफुलं, गवताची पाती, चिंचोके असावेत तशा बिया. रंग असे की नुकतंच ऊन पडलंय. आणि प्रत्येक नक्षीत, शोधलं तर, एक पान कुरतडलेलं. अळीने खाल्ल्यासारखं. थोरली पोराला विसरली. एकेक घडी तिने गुडघ्यावर उलगडली. मनातल्या मनात तिने कापलंसुद्धा. हे घेराला, हे बाहीला, ही बारीक फुलं लहान मुलींच्या फ्रॉकला.

तिने हे कापड आधी पाहिलं नव्हतं असं नाही. ठिपकी धडधाकट होती तेव्हा एका वसंतात ती हेच गाठोडं घेऊन दुकानात आली होती. "मावशी, बघ ना, यातलं काही तुला चालेल का?" दुकानात गिऱ्हाइकं होती. थोरलीने वरची घडी उलगडली, हातभर लांब धरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "अगं बाई, ही फुलं आहेत की कापडाला गोवर उठलाय?" सगळ्या हसल्या. ठिपकीही हसली. हसत हसतच तिने घडी घातली. कुरतडलेलं पान पाहून थोरली आणखी म्हणाली होती, "आणि हे तर किडीसकट!" मग ठिपकी पुन्हा कधी कापड घेऊन आली नाही. तेव्हा बाजारात बक्कळ कापड मिळत होतं. थोरलीला गरज नव्हती.

धाकटी चहा घेऊन आली आणि उघडी पेटी पाहून दारातच थांबली.

"ताई, ते ठेव."

"अगं, बघतेय नुसतं."

"नुसतं बघितलंस ना? ठेव मग."

थोरलीने घड्या घातल्या, पण झाकण लावलं नाही. "किती सुंदर आहे गं हे. असं पेटीत कोंडून कशाला ठेवलंस? मी शिवते याचे कपडे. लोक घालतील, मिरवतील. पोरीचं नाव होईल."

"नको. याला कात्री लावायची नाही." धाकटीचा आवाज चढला नव्हता. "तिच्या हाताचं जेवढं अखंड राहिलंय तेवढं हेच आहे."

थोरलीने कप उचलला. चहा प्यायली. पण तिची नजर पुन्हा पुन्हा पलंगाखाली जात होती. शेवटी ती म्हणाली, "बरं, नको तर नको. पण एक सांगू? इथे ठेवू नकोस. घर दमट, पलीकडे लाकडाचा भुसा. कसर लागायला वेळ लागत नाही. एक दिवस पेटी उघडशील आणि चाळण हातात येईल. माझ्याकडे कोरडं कपाट आहे, डांबरगोळ्या असतात. तिकडे ठेव. हवं तेव्हा येऊन बघत जा."

कसर हा शब्द लागला. धाकटीने घाईघाईने वरची घडी काढून उजेडात धरली, भोकं शोधली. नव्हती. पण ती घाबरली.

"नीट ठेवशील?"

"माझी भाची होती ती."

तेव्हा थोरलीच्या मनात पाप होतं का? होतं. पण पापाला पहिल्या दिवशी पाप कोण म्हणतं? कापड सांभाळायला नेतेय, असंच तिने स्वतःलाही सांगितलं. आठवडाभर तिने ते खरोखर कपाटात ठेवलं. डांबरगोळ्याही टाकल्या.

मग चौकातल्या काचेच्या दुकानापुढे गर्दी दिसायला लागली. थोरलीची जुनी गिऱ्हाइकं तिच्या दुकानात यायची, लिंबांचा तागा बघायची, "येते हं परत" म्हणायची आणि चौकाकडे वळायची. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत दुकानाचं दार लावून घेऊन थोरलीने कपाट उघडलं. आधी तिने कापड पाण्यातून काढलं, कारण नवं सुती कापड शिवण्याआधी धुवावंच लागतं, नाहीतर नंतर आटतं. पाणी किंचित हिरवट झालं. तिने ते मोरीत ओतलं. रात्रभर वाळवून इस्त्री केली. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कापड टेबलावर पसरलं, खडूने आखलं आणि कात्री घेतली.

काज-बटणं करणारी म्हातारी बाई वर्षानुवर्षं तिच्याकडे कामाला होती. ती जेवून आली आणि टेबलाकडे बघतच राहिली. "हे ठिपकीचं ना?"

"हो. बहिणीनेच दिलं."

काजवाली बटणं लावायला बसली. पण ती त्या दिवशी नेहमीसारखी बडबडली नाही.

कपडे काचेमागे लागले आणि थोरलीचं दुकान पुन्हा वाहायला लागलं. बायका रस्त्यात थांबायच्या. आत येऊन पालवीवर बोट फिरवायच्या. "मॅडम, हे कुठून आणलंत? बाजारात तर दिसत नाही."

"बाजारात कसं दिसेल? माझी स्वतःची नक्षी आहे. किती तरी दिवस डोक्यात होती."

पहिल्यांदा हे म्हणताना तिची जीभ अडखळली. पुढे अडखळेनाशी झाली. एकीने तर कुरतडलेलं पान शोधून काढलं आणि टाळी वाजवली. "किती गोड कल्पना आहे!" थोरली म्हणाली, "नुसती फुलं काय, कुणीही काढतं."

बातमी बहिणीपर्यंत जाणार हे तिला कळत नव्हतं का? कळत होतं. पण धाकटी घराबाहेर फारशी पडत नाही, आणि कळलं तरी आपण मोठी बहीण म्हणून समजूत काढू, रडेल, ओरडेल, मग गप्प बसेल, असा तिचा हिशेब होता. लहानपणापासून तसंच होत आलं होतं.

झालं ते असं. पाळणाघरातल्या एका मुलाची आई संध्याकाळी पोराला न्यायला आली ती पालवीचा झगा घालून. तासाभरात ती थोरलीच्या दुकानाच्या दारात उभी होती. कडेवर रडणारं पोर, चेहरा घाबराघुबरा. आणि तिच्या झग्याची बाही मुठीत घट्ट धरून तिच्याबरोबर धाकटी. पायात चप्पल नव्हती.

"मॅडम, या तुमच्या बहीण ना?" ती आई म्हणाली. "यांना काहीतरी सांगा हो. माझा झगा धरून बसल्यात. सोडतच नाहीत. म्हणतात हे माझ्या मुलीचं आहे, काढून द्या. पोर केवढं घाबरलंय माझं!"

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. सगळ्यांनी माना वळवल्या.

धाकटीने बाही सोडली. ती आत आली. दांडीला ओळीने टांगलेले कपडे तिने पाहिले. एक फ्रॉक काढला आणि नाकाला लावला. मग दुसरा. मग स्कर्ट. एकेक करून ती सगळे हुंगत गेली.

"धुतलंस?" ती म्हणाली. "ताई, धुतलंस तू?"

थोरलीने दांडीवरचे हललेले कपडे सरळ केले.

"तिच्या रंगाचा वास होता गं त्याला. मी रोज पेटी उघडायचे. नुसतं झाकण उघडलं तरी ती आल्यासारखं व्हायचं." तिने फ्रॉक उलटा केला, आतली शिवण बघितली आणि मान वर केली. "सांग ना यांना. कुणी छापलंय हे? सांग."

आता इथे थोरलीला दोन वाटा होत्या. एक वाट अवघड होती, पण होती. हो, माझ्या भाचीने छापलंय, माझं चुकलं, असं म्हणायची. चार बायका चकित झाल्या असत्या, दोघी हळहळल्या असत्या आणि एखादी चौकातल्या दुकानात गेली असती. तेवढंच. पण समोर तीच बाई उभी होती, जी टाळी वाजवून "किती गोड कल्पना" म्हणाली होती. ती थोरलीकडे भुवया उंचावून बघत होती.

थोरली पुढे झाली. तिने धाकटीच्या खांद्यावर हात ठेवला. आवाज अगदी मऊ केला. आणि धाकटीशी न बोलता त्या बायकांशी बोलली. "माफ करा हं. हिची मुलगी गेली मागच्या वर्षी. तेव्हापासून हिचं डोकं ठिकाणावर नाही. कुठेही फुलं दिसली की तिचीच वाटतात हिला."

बायकांच्या तोंडून एकदम "अरेरे" आलं. एकीने पाण्याचा पेला आणला. कुणीतरी खुर्ची पुढे केली. धाकटी सगळ्यांकडे आळीपाळीने बघत राहिली. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. आता ती जे काही म्हणेल ते वेडीचंच ठरणार, हे तिला कळलं असावं. पोराच्या आईने कडेवरचं पोर दुसऱ्या कडेवर घेतलं, धाकटीपासून लांबच्या. थोरलीने ते पाहिलं.

काजवालीने सुई खाली ठेवली होती. थोरलीने तिच्याकडे एकदाच बघितलं. काजवालीने सुई पुन्हा उचलली.

थोड्या वेळाने सुतार आला. अंगावर लाकडाचा भुसा, हातात बायकोच्या चपला. त्याने दांडीवरचे कपडे पाहिले. मेव्हणीकडे पाहिलं. वाकून बायकोच्या पायात चपला घातल्या आणि तिला घेऊन गेला.

पुढच्या आठवड्यात काजवाली काज भरता भरता म्हणाली, "पाळणाघर बंद पडलं म्हणे."

"का?"

"का म्हणजे? ज्या बाईचं डोकं ठिकाणावर नाही तिच्याकडे कोण पोर ठेवेल? एकीने नेलं, तिने दुसरीला सांगितलं. सतरंजी रिकामी झाली." मग दोरा दातांनी तोडून ती म्हणाली, "तलवारीने माणूस एकदा मरतं, बाई. जिभेने रोज."

"तू आपलं काज बघ."

त्या वसंतात थोरलीचे सगळे कपडे गेले. एक तुकडा ठेवून उरलेल्या चिंध्यांचेही तिने केसांचे पट्टे करून विकले. बहिणीकडे ती गेली नाही. मनात यायचं, मग वाटायचं, राग शांत होऊ दे. माणसाला जे करायचं नसतं त्यासाठी त्याला नेहमीच योग्य वेळ यायची असते.

वर्ष फिरलं. थंडी सरायला लागली आणि बायका विचारू लागल्या, "मॅडम, यंदा तुमच्या नक्षीत नवीन काय?"

थोरलीने हातपाय मारले. जपून ठेवलेला एक तुकडा तिने यंत्रावर छपाई करणाऱ्याकडे दिला. त्याने छापून दिलं ते जाड, गुळगुळीत, तेलकट रंगाचं. कुरतडलेल्या पानाच्या जागी नुसता डाग. गिऱ्हाइकांनी उचलून बघितलं आणि ठेवून दिलं. तिने स्वतः कागदावर पेन्सिल चालवून पाहिली. आयुष्यभर दुसऱ्याच्या फुलांना कात्री लावलेली. स्वतःचं एक पान काढता येईना. नवीन नक्षी कोरलेले ठसे सुताराच्या घरी पडून असतील, हे तिच्या मनात रोज यायला लागलं. ठिपकीने किती तरी काढून ठेवली होती. सगळी काही तिने छापली नव्हती.

शेवटी एका सकाळी ती गेली.

दार धाकटीनेच उघडलं. बघून तिला आश्चर्य वाटलं नाही. "ये ताई," म्हणाली. घर स्वच्छ होतं. सतरंजी गुंडाळून भिंतीला उभी. पाळणा हलत नव्हता, त्यात धुतलेले कपडे ठेवले होते. पुढे सुतार कामाच्या टेबलापाशी होता. त्याने मान हलवली आणि काम चालू ठेवलं.

थोरली तब्येतीचं बोलली, हवेचं बोलली, गुडघ्याचं बोलली. धाकटीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताकाला येऊन भांडं कशाला लपवतेस? ठसे हवेत ना?"

थोरलीला एकदम रडू आल्यासारखं झालं. तिला वाटलं, सुटले. "देशील?"

"देईन की. सगळे देईन." धाकटीने कोपऱ्यातली टोपली ओढून पुढे आणली. आत कापडात गुंडाळलेले ठसे होते. तिने एक उघडून थोरलीच्या हातात दिला. कधी रंग न लागलेला, ताज्या लाकडाचा. गवताच्या तुऱ्यांवर वाकलेलं एक रानफूल, आणि बाजूला तेच, कडेने खाल्लेलं पान.

"हे न वापरलेले आहेत," धाकटी म्हणाली. "यांनी कोरून ठेवले होते, पोरगी बरी होऊन छापेल म्हणून. घेऊन जा. कापड छाप, शीव, वीक. मी तुझ्या दारात येणार नाही. फक्त एक कर. माझ्याकडे ज्यांची पोरं यायची, त्या बायकांच्या घरी जा. मी नावं सांगते. प्रत्येकीला सांग, की माझी बहीण वेडी नाही. ते कापड तिच्याच मुलीचं होतं, आणि मी खोटं बोलले."

थोरली ठशावरून अंगठा फिरवत राहिली.

"अगं," ती म्हणाली, "लोक विसरले असतील आता."

"पोरं कुठे आली परत?"

"येतील. हळूहळू येतील. आणि मी असं घरोघरी जाऊन सांगितलं तर माझं दुकान बसेल."

"माझं बसलंच की."

सुताराने हातातलं काम बाजूला ठेवलं होतं. तो आला, मेव्हणीच्या हातातून ठसा काढून घेतला, शिकंज्यात आवळला, फूल वर करून. मग त्याने रंधा घेतला.

"भावोजी, काय करताय?"

"ताई, तुम्ही विचार करा. घाई नाही," तो म्हणाला आणि त्याने रंधा ओढला. लाकडाची कुरळी साल वर आली. दोन-तीन हातांत रानफूल गेलं. पान गेलं. ठशाची नुसती गुळगुळीत फळी झाली. ती त्याने बाजूला ठेवली.

धाकटीने दुसरा ठसा उघडून त्याच्या हातात दिला.

"अगं, वेडी आहेस का!" थोरली ओरडली.

धाकटी हसली. "तूच तर म्हणालीस."

एकामागून एक ठसा शिकंज्यात चढत होता. धाकटी कापड सोडायची, नक्षीकडे एकदा बघायची आणि पुढे करायची. तिचे डोळे कोरडे होते. सुताराचे नव्हते, पण त्याचा हात थांबत नव्हता. स्वतः कोरलेलं स्वतःच तो तासून टाकत होता. मधमाश्या गेल्या. पिसं गेली. पावट्याच्या वेलीसारखी एक नाजूक वेल होती, ती गेली. दर वेळी रंधा ओढण्याआधी तो क्षणभर थांबून मेव्हणीकडे बघायचा. तिने एवढंच म्हणायचं होतं, की सांगते. थोरली दर वेळी हिशेब करायची. अजून आहेत. टोपलीत अजून आहेत. एवढ्याने त्यांचा राग निवेल, मग उरतील ते आपले.

टोपलीचा तळ दिसला तेव्हा तिचा धीर सुटला. "थांबा! सांगते. सांगते मी सगळ्यांना."

रंधा थांबला. शिकंज्यात शेवटचा ठसा होता. इतका बारीक, की थोरलीला लांबून त्यात काय आहे ते कळेना.

"काय सांगशील?" धाकटीने विचारलं. "आत्ता म्हणून दाखव."

थोरलीने शिकंज्यातल्या ठशाकडे बघितलं. "सांगेन की... की माझा गैरसमज झाला होता. की कापड तुम्ही मला दिलं होतं आणि तू दुःखाच्या भरात विसरलीस. म्हणजे वेडी नव्हे गं, नुसती विसरलीस. तसं म्हटलं तर दोघींचंही—"

धाकटीने नवऱ्याकडे बघून मान हलवली.

त्याने रंधा ओढला. एकदाच. नक्षी बारीक होती. एका हातातच गेली.

मग सुताराने टेबलावरची साल झाडूने गोळा केली. धाकटीने तासलेल्या फळ्या टोपलीत भरल्या, वर ते रिकामं कापड घातलं आणि टोपली थोरलीच्या हातात दिली. "ने. सगळे देईन म्हणाले होते ना."

थोरलीने ती टोपली घरापर्यंत आणली. वाटेत कुठे टाकावी तर कुणी विचारील म्हणून.

तो उन्हाळा संपायच्या आत धाकटी आणि सुतार गाव सोडून गेले. कुठे, ते त्यांनी काजवालीला सांगितलं, थोरलीला नाही. थोरलीने काजवालीला एकदा विचारून पाहिलं. "मला आठवत नाही, बाई," काजवाली म्हणाली. "माझंही डोकं हल्ली ठिकाणावर नसतं." त्या महिन्याच्या शेवटी तिनेही काम सोडलं.

थोरलीने कापडवाल्याकडून लिंबांचा तागा घेतला, पोपटांचाही घेतला. अजून ती उत्तम शिवते. पुढच्या वसंतात एक जुनं गिऱ्हाईक आलं, दांडीवरचे कपडे सरकवत सरकवत शेवटापर्यंत गेलं आणि म्हणालं, "मॅडम, ती तुमची कुरतडलेल्या पानांची नक्षी यंदाही नाही?"

"छे," थोरली म्हणाली आणि माप घ्यायला पट्टी गळ्यातून काढली. "ती फॅशन गेली. हात वर करा."